तोंड फिरवून दिलेलं उत्तर

बाई, काल संस्थेच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. दोन मिनिटं पुरती झालीसुद्धा नव्हती. सेक्रेटरीसाहेबांना पुढं कुठंतरी जायचं असावं, त्यांनी खाकरून सगळ्यांना बसायची खूण केली. आठ वर्षं शांततेतच काढलेल्या बाईला संस्थेनं आणखी दोन मिनिटांची शांतता दिली, आणि तीही अपुरी.

टेबलावर तुमचा फोटो होता. वेगळा फोटो संस्थेजवळ नव्हताच, म्हणून एका जुन्या ग्रुपफोटोतून तुम्हाला कापून काढलं होतं. कापणाऱ्याचा हात चुकला असणार, तुमच्या खांद्याजवळ दुसऱ्या कुणाचं तरी कोपर राहून गेलं होतं. हार त्याच्यावरून घातला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "द्वारकाबाईंनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेनं निवृत्ती घेतली, तरी शेवटपर्यंत त्यांचं मन या दवाखान्यातच होतं." नर्सिंगच्या मुलींनी माना डोलावल्या. हल्लीच्या मुलींनी तुम्हाला पाहिलेलंच नाही. मग साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोला." मी गळ्याला हात लावून सांगितलं, घसा बसलाय.

घसा बसला नव्हता, बाई. मला जे बोलायचं आहे ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. ते तुमच्याशी बोलायचं होतं आणि तुम्ही असताना बोलले नाही.

मी वरवट बकालहून इथं नर्सिंग शिकायला आले तेव्हा अठराची होते. घाटाखालच्या उन्हात वाढलेली पोर, इथली थंडी सोसवेना. मुलाखतीला तुम्ही एकट्याच बसला होतात. "काऊन आली इथं?" असं तुम्ही विचारलंत. शाळेच्या बाईंनी पाठ करून घेतलेलं मी म्हटलं, "रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा आहे, म्हणून." तुम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवलीत. "आता खरं सांग."

"घरी लग्नाचं चालू होतं. मले नाही करायचं."

"हे चालते," म्हणून तुम्ही माझं नाव लिहून घेतलंत. वत्सला. पुढं तीन वर्षं त्या नावानं तुम्ही वेगवेगळ्या सुरांत हाक मारलीत. चुकलं की नाव आखूड व्हायचं आणि आवाज वाढायचा.

कानाचा धडा तुम्ही कसा शिकवलात ते मी आजही तसंच शिकवते, शब्दही बदललेले नाहीत. पुणेरी डॉक्टरांनी आदल्या दिवशी फळ्यावर कान काढून सगळी लांबलचक नावं लिहून दिली होती. आम्ही ती उतरवून घेतली आणि कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळा पुसलात. "घर आहे असं समजा. बाहेरचा कान म्हणजे अंगण. अंगणात कचरा साचला, मळ साचला, तर काढता येतो. मधला कान म्हणजे ओसरी. ओसरीत पाणी शिरलं, पू झाला, पडदा फाटला, तरी वाळवता येते, डागडुजी होते. आतला कान म्हणजे देवघर. ते जळालं की पुन्हा बांधता येत नाही. म्हणून आधी पाहायचं, दुखणं अंगणात आहे का देवघरात."

मग एकेक गोष्ट. मळ कडक असेल तर दोन-तीन दिवस कोमट तेलाचे थेंब घालायचे आणि मगच पिचकारी मारायची. पिचकारीचं पाणी अंगाइतकंच गरम हवं, गार पाणी गेलं की पेशंटला घेरी येते. पडदा फाटलेला असेल तर पिचकारीला हातसुद्धा लावायचा नाही. वाहता कान कोरड्या कापसाच्या वातीनं टिपायचा. पुवाला घाण वास येत असेल, सोबत डोकं दुखत असेल, उलटी होत असेल, तर डॉक्टर जेवत असले तरी उठवायचे. कानात किडा गेला तर तेल. कानात दाणा गेला तर पाण्याचा थेंबही नाही, कारण दाणा फुगतो. हे तुम्ही सांगितलंत त्याच आठवड्यात देऊळघाटकडची एक बाई लेकीला घेऊन आली. मुलीच्या कानात हरभरा गेला होता आणि शेजारणीच्या सांगण्यावरून तिनं तांब्याभर पाणी ओतलं होतं. तो फुगलेला हरभरा डॉक्टरांनी तुकड्या-तुकड्यांनी काढला. तुम्ही आईला एक शब्द बोलला नाहीत. आमच्याकडं पाहून मात्र म्हणालात, "हिले कोणी शिकवलं असतं तर?"

आणि तुम्ही आम्हाला विचारायला शिकवलंत. डॉक्टर विचारायचे, "कर्णस्राव होतो का?" पेशंट घाबरून हो म्हणायचा. डॉक्टर लिहून घ्यायचे. तुम्ही मागं उभ्या राहून हळूच विचारायचात, "कान वाहते का हो बाबा? कानात घूं-घूं होते का? चालताना जमीन हालल्यावानी होते का?" आणि तोच पेशंट म्हणायचा, "नाई बाई, कानाचं काही नाही. माहा तं दात दुखते." डॉक्टरांना तुमची ती बोली गावंढळ वाटायची. पण बरोबर उत्तर तुम्हालाच मिळायचं.

त्या वर्षी तुम्ही प्रत्येक मुलीच्या कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घट्ट बसवलात आणि तिनं एक दिवस तसाच काढायचा असं फर्मान काढलंत. माझी पाळी आली तेव्हा मला गंमत वाटली. सकाळी गंमत होती. मेसमध्ये जेवायला बसले तर समोरच्या दोघी हसत होत्या. मला वाटलं, मलाच हसतायत. एकीनं काही विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं, तेव्हा त्या खरोखरच मला हसल्या. दुपारी एका म्हाताऱ्याला बेडपॅन हवं होतं, त्यानं हाका मारल्या असणार. मी खिडकीशी उभी. त्याचं अंथरूण ओलं झालं. संध्याकाळी तुमच्या खोलीत आले आणि रडले. तुम्ही चिमट्यानं कापूस काढलात आणि म्हणालात, "तुह्या कानात मी सकाळी कापूस घातला, आता काढला. ज्याच्या कानातला निघत नाही त्याच्याशी कसं वागायचं ते आता लिहून घे." मी लिहून घेतलं. समोर उभं राहावं. उजेड आपल्या तोंडावर असावा. आधी हात लावावा, मग बोलावं. ओरडू नये, ओरडलं की चेहरा रागावलेला दिसतो. तोंडावर पदर घेऊ नये. बोलता बोलता तोंड फिरवू नये.

ती वही माझ्याजवळ आहे, बाई. मी तुमच्याशी काय केलं ते त्या वहीत आधीच लिहून ठेवलेलं होतं.

तुम्हाला क्षय झाला तो आमच्याच वॉर्डात. अकरा वर्षं तुम्ही खोकणाऱ्या लोकांच्या तोंडाजवळ वाकत होतात. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा ते तुम्ही स्वतःच बरणीत घालून, चिठ्ठी चिकटवून, तपासायला पाठवलंत. संस्थेनं तुम्हाला त्याच वॉर्डात कोपऱ्यातली खाट दिली, मध्ये एक पडदा लावला आणि उपकार केल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज मी द्यायचे. पांढरी पूड, तिच्यात पाणी, कुपी तळहातांत फिरवायची, हलवायची नाही. कुल्ल्यावर जाड सुई. एका दिवशी डाव्या बाजूला, एका दिवशी उजव्या. तुम्ही कुशीवर वळून भिंतीकडं पाहत पडायचात आणि सुई निघाली की म्हणायचात, "हात हलका झाला तुहा." मला तेवढं पुरायचं.

सहावा का सातवा आठवडा असेल. सकाळी सुई द्यायला आले तर तुम्ही उठून बसला होतात. तुम्ही म्हणालात, "वत्सला, कानात किर्र होऊन राह्यलं. रातकिड्यावानी. आणि मोरीत जाताना भिंत धरावी लागली."

माझ्या हातात तुमचा चार्ट होता. मी पेन काढलं.

"लिहू नको."

"बाई, तुम्हीच सांगतलं नं, पेशंट सांगते ते लिहायचं."

"लिहिलं की डॉक्टर सुई बंद करीन. सुई बंद झाली तं मी मरीन. कान गेले तं निदान जगीन तरी. लिहू नको म्हनते नं मी."

तुमचा हात माझ्या मनगटावर होता, तापानं गरम. मी चार्टवर लिहिलं, रात्री झोप चांगली, तक्रार नाही. ते अक्षर माझं आहे. पुढं सात आठवडे रोज मी ते दोन शब्द लिहिले. तक्रार नाही. तक्रार नाही. तुमच्यासाठी आधी पाखरांचा आवाज हरवला, मग ऑफिसातली फोनची घंटा, मग आम्हा मुलींचे बारीक आवाज. जाड आवाज शेवटपर्यंत थोडे राहिले. सेक्रेटरीसाहेब बोलले तर थोडंफार कळायचं आणि मी बोलले तर काहीच नाही. एवढी कडू थट्टा शरीरसुद्धा करू शकतं हे पुस्तकात लिहिलेलं नाही.

छाती साफ झाली. एक्स-रेच्या फोटोत डाग राहिला, पण जंतू गेले. तुम्ही कामावर परत आलात आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. पेढे वाटताना कुणी काय म्हणतंय ते तुम्ही त्यांच्या ओठांवरून वाचत होतात आणि त्यांना ते कळलंही नाही, इतक्या लवकर तुम्ही ते शिकला होतात. वर्गात तुम्ही मुलींना अर्धगोलात बसवायला लागलात. प्रश्न विचारणारीनं उभं राहायचं असा नियम केलात. मागच्या बाकावरच्या मुली तोंडाला वही लावून कुजबुजायच्या. मी तेव्हा स्टाफनर्स होऊन तुमच्या हाताखालीच होते, मी त्यांच्या वह्या ओढून घ्यायचे. दीड वर्ष आपण दोघींनी ते रेटलं. मी तुमचे कान होते, असं म्हणताना मला तेव्हा अभिमान वाटायचा. तुम्हाला त्याचं काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

मग ती संग्रामपूरकडची बाळंतीण. भर दुपार, मुली परीक्षेला गेलेल्या, मी औषधं आणायला खाली. बाळंतिणींच्या वॉर्डात तुम्ही एकट्या, टेबलाशी पाठमोऱ्या बसून चार्ट भरत होतात. तिला रक्तस्राव सुरू झाला. तिनं हाका मारल्या. मग स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटला. तो बारीक खणखणाट तुमच्या हरवलेल्या आवाजांतला होता. शेवटी शेजारच्या खाटेवरची, दोन दिवसांची बाळंतीण, भिंत धरत तुमच्यापर्यंत आली आणि तिनं तुमच्या खांद्याला हात लावला. तोवर गादी भिजून खाली थेंब पडत होते. मी वर आले तेव्हा तुम्ही तिचं पोट दाबून धरलं होतं, दोन्ही हातांनी, आणि माझ्याकडं न पाहताच सुईचं नाव ओरडून सांगत होतात. ती तुमच्याच हातांनी वाचली. आणि तुम्हीच जवळ असून ती मरणार होती. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एकच खरं धरून बसावं असं तुम्हाला कधी वाटलं नाही, हे मला आता कळतं.

तिच्या दिरानं तक्रार केली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही.

सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत आपल्याला बोलावलं. तुम्ही खुर्चीवर, मी तुमच्या उजव्या बाजूला उभी, डॉक्टर खिडकीशी. साहेबांनी तुमच्याकडं न पाहता मला विचारलं, "तुम्ही रोज यांच्याबरोबर काम करता. यांना ऐकू येतं का? हो की नाही, एवढंच सांगा."

तुम्ही माझ्याकडं मान वळवलीत. तुमची नजर माझ्या ओठांवर होती.

मी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि म्हटलं, "नाही."

बस एवढंच. चार दिवसांत तुमच्या हातात कागद पडला. क्षय झाला तो संस्थेच्या वॉर्डात, कान गेले ते संस्थेच्या औषधानं, आणि कागदावर लिहिलं होतं, कामास अपात्र. महिन्याभरानं तुमची खुर्ची मला दिली. मी नको म्हटलं नाही.

तुम्ही ट्रंक भरत होतात तेव्हा मी खोलीत आले. साड्या, दोन पुस्तकं, कंदील. मी आधी तुमच्या हाताला हात लावला, मग समोर उभी राहिले, मग बोलले. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणं. "बाई, ती बाई मेली असती."

"मले माहीत आहे," तुम्ही म्हणालात. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो तसा तुमचा झाला नव्हता, उलट बारीक झाला होता. "मी सोडणारच होती. चिठ्ठी लिहून ठेवली होती. तू नाही म्हनली त्याचा राग नाही."

"मग?"

"तोंड काऊन फिरवलं?"

मी खाली ट्रंकेकडं पाहिलं.

"माह्याकडं पाहून म्हनलं असतं तं मीबी मान हालवली असती. हो, खरं आहे म्हनलं असतं. तीन माणसांच्या समोर मी बसलेली, आणि माह्याबद्दल काय बोलून राह्यले ते मलेच माहीत नाही. तूनं मले बहिरी केलं त्या दिवशी. औषधानं नाही."

मी रडायला लागले. तुम्ही ट्रंकेचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "रडू नको. रडताना तुहे ओठ वाचता येत नाही."

पुढं तुमच्या गावी, देऊळघाटला, मी तीनदा आले. पहिल्या वेळी तुम्ही चहा दिलात. गावात तुम्हाला भयरी बाई म्हणत होते, पण वाहत्या कानाची पोरं घेऊन तुमच्याच दारात येत होते. ओसरीवर तुम्ही वाती वळून ठेवल्या होत्या, आणि एका आईला दटावत होतात, "केसाची पिन घालशील पुन्हा कानात?" मला बरं वाटलं. मी ते तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "तुले बरं वाटावं म्हनून नाही करत मी." दुसऱ्या वेळी आपण जुन्या मुलींबद्दल बोललो, कोण कुठं लागली, कुणाचं लग्न झालं. तिसऱ्या वेळी मी पुन्हा त्या खोलीचा विषय काढला. मला माफी हवी होती. मी म्हटलं, मी घाबरले होते, तुमच्याकडं पाहून बोलणं झालं नसतं. तुम्ही थोडा वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलंत आणि मग डोळे मिटून घेतलेत. खाटेवर सरळ बसून, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मी बोलत राहिले. मग लक्षात आलं की मी एका बंद दारासमोर बोलतेय. हात लावण्याचा धीर झाला नाही. उठून आले. त्याला तीन वर्षं झाली. ती आपली शेवटची भेट.

मला तुमचा राग यायचा, बाई. आज तेही सांगते. वाटायचं, तुम्ही एका वळलेल्या मानेला एवढं धरून बसलात, आणि ज्या कागदानं तुम्हाला घरी बसवलं त्या कागदाविरुद्ध एक शब्द लिहिला नाहीत. माझ्यावर रागावणं सोपं होतं. संस्थेवर रागावून काय मिळणार होतं? आणि तरीही दरवर्षी नव्या मुलींच्या कानात मी कापूस घालते, संध्याकाळी तुमच्याच चिमट्यानं काढते, आणि दर वेळी एखादी रडते. मला जे काही येतं ते तुमचं आहे. तुमच्यावर रागावले तरी हातांनी तुमचंच काम करत असायचे.

आता जे कधीच सांगितलं नाही ते.

तुम्ही बऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी तुमच्या कानामागं घुमणारा लोखंडी काटा टेकवून तपासणी केली होती. तुम्ही पदर सारखा करून बाहेर गेलात आणि डॉक्टरांनी मला थांबवलं. तुमचा चार्ट ते उलटसुलट करत होते. म्हणाले, "शिरेचा बहिरेपणा आहे. कानाच्या यंत्राचाही उपयोग होणार नाही. यांनी कानात आवाज येतो असं कधीच सांगितलं नाही का? इथं रोज लिहिलंय, तक्रार नाही." मी चार्टवरचं माझंच अक्षर पाहत होते. ते म्हणाले, "आधी कळलं असतं तर सुई बंद नसती केली. एक दिवसाआड केली असती, दुसरी औषधं होतीच. बरेचसे कान वाचले असते." आणि पुन्हा विचारलं, "सांगितलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

म्हणजे त्या खोलीतलं 'नाही' हे माझं पहिलं 'नाही' नव्हतं.

तुम्ही जन्मभर समजत राहिलात की तुम्ही कान देऊन जीव राखला, सरळ सौदा. मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही की तो सौदा करायची गरज नव्हती, मधला रस्ता होता, आणि तो माझ्या पेनाच्या टोकाशी होता. स्वतःला सांगितलं, कळलं तर बाईंना सहन होणार नाही. खरं कारण वेगळं होतं. मला तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. आणि उतरले ते दुसऱ्याच कारणानं.

पण एक प्रश्न मला काल त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या पडला. औषधांचे डोस आम्हाला तुम्हीच शिकवले होते. एक दिवसाआड सुई देता येते हे तुम्हाला माहीत नव्हतं का? माहीत असून अर्ध्या औषधावर तुमचा भरवसा बसला नाही का? का तापात, भीतीत, तुम्हीही फक्त पेशंट झाला होतात, जीव आणि कान एवढंच दिसणारी? माहीत असेल तर मी एवढी वर्षं कुणापासून काय लपवत होते? याचं उत्तर फक्त तुमच्याजवळ होतं आणि विचारायचा धीर मला झाला नाही. आता विचारते आहे.

आज तुमची तेरवी होती. सकाळच्या गाडीनं देऊळघाटला गेले. नारायणभाऊंनी, तुमच्या भावानं, ओसरीवर बसायला दिलं. मी विचारलं तसं त्यांनी सांगितलं. "सांजची वेळ. माळवदावर शेवया-सरगुंडे वाळू घातले होते, ते काढाले गेली. म्या खालून म्हनलं, राहू दे, पोरी काढतीन. पण तिले कुठं ऐकू येते. काढता काढता अंधारलं. शिडीवरून उतरताना पाय घसरला. दवाखान्यात नेतो म्हनलं, तुमच्या तिथं, तं मान हालवली. 'तिथं नको' म्हनली. दुसऱ्या दिवशी गेली."

तुमच्या वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेल्या. भाऊ जमिनीकडं पाहत म्हणाले, "कान असते तं वाचली असती. माही हाक ऐकली असती तिनं."

माझ्यापुढं दोन रस्ते होते. हो म्हणून पानावर बसायचं, नाहीतर खरं सांगायचं. मी सरकून त्यांच्या समोर बसले.

"नाही भाऊ. पाय नाही घसरला. ते औषध नुसतं कानाचं ऐकणं नाही नेत, माणसाचा तोलबी नेते. उजेडात डोळ्यानं सांभाळता येते. अंधार पडला की पायाले जमीन कुठं आहे ते कळत नाही. बाईले सुरुवातीलेच त्रास झाला होता. भिंत धरून चालत होत्या. मले सांगतलं होतं त्यांनी. म्या लिहिलं नाही. लिहिलं असतं तं डॉक्टरनं सुई कमी केली असती. सुई मीच देत होती, रोज."

अंगणात पंगतीची पानं मांडणं चालू होतं.

"किती वर्षं झाले याले?"

"आठ."

"आणि आता सांगून राह्यली?"

मी हो म्हटलं. ते उठले, मला बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आत गेले आणि दार ओढून घेतलं.

मी थोडा वेळ तिथं थांबले. मग चपला घातल्या आणि गाडी धरायला फाट्यापर्यंत चालत आले. गावातून बाहेर पडेपर्यंत मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती, तर मला ऐकू आली असती.